तीन नंबरचं आवतण

वासुदेवरावांच्या दारात सहा वर्षं दोन लाकडी गुटके होते. वीतभर उंचीचे, एका अंगानं उतरते, डिझेल पिऊन पिऊन काळे झालेले. एक वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून दाराशी लावलेला असे. दुसरा नुसताच ओसरीच्या कोपऱ्यात. नव्या माणसानं विचारलं तर वासुदेवराव सांगत, "इंजिनाच्या चाकाखालचे हायेत. उभं केलं का लावा लागते. नाईतर उताराले लागते ते." मग नवा माणूस इंजिन कुठे आहे म्हणून इकडे-तिकडे पाही, आणि वासुदेवराव दुसरंच काही बोलायला लागत.

नाचणगावात त्यांचं घर आमच्या घराच्या अगदी समोर. मी त्यांना काकाजी म्हणते.

गावाबाहेर पुलगावच्या अंगाला एक कारखाना होता. त्याच्या फाटकापासून मोठ्या रेल्वेलाइनपर्यंत सव्वा किलोमीटरचे रूळ कारखान्याच्या मालकीचे होते. त्या सव्वा किलोमीटरवर डिझेलचं एक लहान इंजिन मालाच्या वाघिणी ओढायचं, ढकलायचं, रांगेनं लावून द्यायचं. मोठ्या लाइनचं इंजिन येऊन ती रांग घेऊन दूरदेशी निघून जायचं आणि हे आपलं परत फिरायचं. अंगानं बुटकं, मागे केबिन, पुढे लांब नाक, पिवळा रंग, दोन्ही टोकांना तिरपे काळे पट्टे. चाकांना जोडणारी एक लोखंडी दांडी होती. इंजिन चाललं की ती दांडी कोपरासारखी वर-खाली व्हायची. केबिनवर पांढऱ्या रंगात तीन लिहिलेलं होतं. एक आणि दोन कुठे गेले, कधी होते की नव्हतेच, हे कोणाला माहीत नव्हतं. सगळे त्याला तीन नंबर म्हणत. वासुदेवरावांनी ते एकतीस वर्षं चालवलं.

त्यांचे वडील किराणा दुकानदार. घरी शेत नाही, गोठा नाही. पोळ्याच्या दिवशी सगळं गाव बैल सजवायचं तेव्हा हे लोक दुकानाच्या पायरीवर उभे राहून पाहत. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, लेकरांचा. लाकडी नंदीला चाकं लावून, दोरी बांधून लेकरं त्याला तोरणाखाली नेतात, मग घरोघर फिरवून बोजारा मागतात. कोणी खाऊ देतं, कोणी नाणं. वासुदेवरावांनी एकदा नंदी मागितला, तेव्हा वडील म्हणाले होते, "आपल्या घरी तराजू हाय. दिवाळीले त्याची पूजा करतो नं आपण? बैल नाई तर पोळा कायचा?" वडिलांचं चूक नव्हतं. पण त्या लेकराचे हात त्या दिवशी रिकामे राहिले, ते बरीच वर्षं तसेच होते.

विसाव्या वर्षी ते कारखान्यात लागले. तिथे अण्णाजी नावाचे जुने ड्रायव्हर होते. त्यांनी यांना तीन नंबरवर घेतलं. अण्णाजींचं शिकवणं थोडक्यात असे. "याले दामटायचं नाई, बापा. याले सांगायचं. पहिले शिट्टी, मग हात, मग चाक." रुळांच्या कडेला पाटी होती, ताशी आठ किलोमीटर. अण्णाजी म्हणत, माणूस झपाझप चालला तर जितकं चालतो, त्याहून थोडंसंच जास्त.

अण्णाजी निवृत्त झाले त्या वर्षी पोळ्याच्या आदल्या सांजेला वासुदेवरावांनी घरून वाटीभर लोणी आणि हळद घेतली. आनंदाबाईंचं लग्न होऊन तेव्हा चारच महिने झाले होते. ती गोष्ट त्या अजून रंगवून सांगतात.

"म्या विचारलं, कुठं चालले जी लोणी घेऊन? तं म्हणे, बैलाचे खांदे शेकाले. म्या म्हटलं, आता गं बाई, या घरात बैल हाय अन् मले कोणी सांगितलंच नाई!"

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू ओढलेल्या खांद्याला लोणी-हळद लावतात आणि बैलाच्या कानाशी सांगतात, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. शेडमध्ये त्या सांजेला कोणी नव्हतं. वासुदेवरावांनी तीन नंबरच्या पुढच्या आडव्या पट्टीला, जिथे वाघिणींची साखळी अडकते, तिथे लोणी चोळलं. बैलाचा खांदा म्हणजे जिथे ओझं बसतं ती जागा. त्यांना ती शोधावी लागली नाही. मग आवतण दिलं. दुसऱ्या दिवशी कारखान्याला सुट्टी असे. ते डब्यात पुरणपोळी घेऊन जात, इंजिनाच्या पायरीवर ठेवून हात जोडत आणि तिथेच बसून अर्धी पोळी स्वतः खात. असं एकतीस वर्षं.

शेवटच्या वर्षी कारखाना बंद झालेला होता. तीन नंबर कुठेतरी विकलं होतं, तोडण्यासाठी. न्यायला ट्रेलर आठ दिवसांनी येणार असं ऑफिसातून सांगितलं होतं. म्हणजे पोळा पार पडणार होता. वासुदेवरावांनी सांजेला लोणी लावलं, चाकाखालचे गुटके नीट बसले आहेत का पाहिलं आणि म्हटलं, "आज आवतण घे, उद्या जेवाले ये."

ट्रेलरवाल्याला सणाच्या दिवशी रस्ता मोकळा सापडला. तो पहाटेच येऊन घेऊन गेला. वासुदेवराव डबा घेऊन पोचले तेव्हा शेडमध्ये दोन रूळ, मध्ये तेलाचा एक डाग आणि बाजूला काढून ठेवलेले ते दोन गुटके होते.  त्यांनी गुटके सायकलला बांधले आणि डबा तसाच घरी आणला.

त्या दिवसापासून त्यांनी पुरणपोळी खाल्ली नाही.

रागावून नाही, शपथ घेऊनही नाही. पुढ्यात आली की फक्त ताट जरा सरकवत. पाहुण्याला जेवायला बोलवायचं आणि पाहुणा यायच्या आधी आपण जेवून घ्यायचं, हे त्यांना जमत नव्हतं. आनंदाबाई दरवर्षी पोळ्याला पुरण घालत आणि दरवर्षी आमच्या ओसरीवर येऊन तेच म्हणत, "पाहाय बाई. घरात पुरण शिजून राह्यलं अन् हा मानूस भाकर खाऊन राह्यला. लोखंडाच्या पायी! माह्या माहेरचे आले तरी एवढी वाट नाई पाहत."

एकदा काकाजींनी मला त्यांचं स्वप्न सांगितलं. श्रावणातली दुपार होती, आभाळ भरलेलं, ऊन नाही आणि पाऊसही नाही. ते दाराशी बसून सुतळी वळत होते. म्हणाले, "तीन नंबर दिसते मले. पऱ्हाटीच्या वावरातून येते. रूळ-गिळ काही नाई. पऱ्हाटी अशी दोन्हीकडं वाकते अन् ते हळूहळू येते, आठच्या स्पीडनं. गावात येते. एकेका दारापुढं थांबते. आतून कोणी निंघत नाई, तं पुढं जाते."

"तुमच्या दारापुढं नाही थांबत?"

त्यांनी सुतळीचा पीळ पाहिला. "त्याले घर कुठं माहीत हाय? रूळ इथवर आलेच नाई कधी."

 समोरच्या लिंबावर एक पोपट बसला, आणि आम्ही दोघं त्याच्याकडेच पाहत राहिलो.

रूपराव सुताराचं दुकान शाळेच्या बाजूला आहे. आषाढ लागला की त्यांच्याकडे नंदींचं काम सुरू होतं. काकाजी कधी कधी तिथे जाऊन बसत. गेल्या वर्षी असेच बसले होते. रूपरावांनी सागाच्या ठोकळ्याला खाली फळी ठोकली होती, फळीला चार चाकं लावली होती. डोकं, पाय, वशिंड काहीच अजून कोरलेलं नव्हतं. लांब अंग, मागच्या बाजूला एक उंचवटा, खाली चाकं. रूपराव पाणी प्यायला आत गेले. बाहेर आले तर काकाजी त्या ठोकळ्यावर हात ठेवून उभे.

"रूपराव, हे कोरू नका."

"काऊन जी?"

"हे तीन नंबर हाय."

रूपरावांनी ठोकळ्याकडे पाहिलं, मग काकाजींकडे. "च्या घेता का थोडासा?" ते म्हणाले.

काकाजी चहा प्यायले, पण ठोकळा सोडला नाही. रूपरावांनी एवढंच सांगितलं की माझ्या हातून फक्त बैल निघतो, इंजिन तुमचं तुम्ही काढा. पटाशी देतो, भोकं पाडून देतो, चुकलं तर हसतो.

नकाशा नव्हता, फोटोही नव्हता. पण एकतीस वर्षं ज्याच्या अंगाखांद्यावर चढउतार केली त्याचं माप अंगातच होतं. पायरी गुडघ्याएवढी. केबिनचा दांडा खांद्याच्या उंचीवर. नाकाची लांबी म्हणजे ते पुसताना किती वेळा हात पसरावा लागे तेवढी. त्यांनी हिशेब सोपा केला. खऱ्या इंजिनाला जिथे एक हात, तिथे लाकडाला दोन बोटं. सोळा हातांचं इंजिन बत्तीस बोटांत आलं. कठडे सायकलच्या तारांचे झाले, हेडलाइट जुन्या बॅटरीच्या काचेचा, साखळीचा आकडा बादलीच्या कडीचा. चाकांची दांडी पत्र्याची. ती अशी बसवली की दोरी ओढली की खऱ्यासारखी वर-खाली व्हावी. त्या एका दांडीला पंधरा दिवस लागले. रूपराव ठरल्याप्रमाणे हसले. सोळाव्या दिवशी दांडी फिरली तेव्हा मात्र त्यांनी हातातला रंधा खाली ठेवला आणि ठोकळा स्वतः चार वेळा ओढून पाहिला.

अडलं ते एका जागी. इंजिनावर चढायची पायरी डाव्या अंगाला होती. उजवं अंग शेडमध्ये भिंतीकडे असे आणि बाहेर तारेच्या कुंपणाकडे. ते कसं दिसतं हे काकाजींना आठवेना. पुसलं होतं, रंगवलं होतं, पण जवळून. उभं राहून, दुरून पाहिलेलं नव्हतं. दोन दिवस ते डाव्या अंगाचीच नक्कल उजवीकडे करावी का या विचारात होते. आनंदाबाई पोहे निवडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "तिकडून दोन जाळ्या होत्या. एक मोठी, एक लहान. अन् डिझेलचं झाकण तिकडंच होतं. त्याच्याखाली ओघळ होता, काळा."

"तुले काय माहीत?"

"काय माहीत म्हणजे? कुंपणाशी डबा घेऊन कोण उभं राहे? तुमी घंटा घंटा येत नव्हते. मंग काय पाहू? तेच पाहो मी."

काकाजींनी उजवं अंग त्यांना विचारून केलं. झाकण टूथपेस्टच्या नळीचं होतं, आट्यांचं, उघडणारं. त्याखाली काळा ओघळही काढला. आनंदाबाईंनी तो पाहिला आणि म्हणाल्या, "याच्यापेक्षा लंबा होता." काकाजींनी लांबवला.

पोळ्याच्या आदल्या सांजेला आनंदाबाईंनी लोण्याची वाटी पुढे केली. काकाजींनी पुढच्या पट्टीला लोणी-हळद लावली, पण तोंडातून शब्द काढला नाही.

"आवतण द्या नं," आनंदाबाई म्हणाल्या.

"दिलेलं हाय. एकाच जेवणाचं दोनदा नाई देत."

"मंग उद्याच जेवू घाला लागन त्याले."

"उद्या नाई. परवा. पह्यले पोळ्यात उभं राह्यलं पायजे. पोळा फुटल्याशिवाय बैल घरी जेवाले येते का?" बैलांच्या पोळ्यात एवढंसं लाकूड कुठे उभं करणार. म्हणून तान्हा पोळा.

दुसरं पुरण घालावं लागणार म्हणून आनंदाबाई कुरकुरल्या. पण डाळ त्यांनी आधीच जास्तीची भिजवली होती.

तान्ह्या पोळ्याला मारुतीच्या पारापुढे आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं होतं. लेकरं रांगेत उभी होती. कोणाचा नंदी ओंजळीत मावणारा, कोणाचा गुडघ्याएवढा, झूल पांघरलेला. त्या रांगेच्या टोकाशी सहासष्ट वर्षांचे वासुदेवराव, धुतलेल्या शर्टात, हातात दोरी धरून. दोरीला तीन नंबर. गळ्यात, म्हणजे हेडलाइटच्या खाली, झेंडूची माळ.

बबनराव माइकवर होते. पोळ्याची समिती म्हणजे तेच. त्यांनी माइक खाली केला.

"काकाजी, तुमी काऊन दोरी धरली? नातवाले पाठवा नं."

"नातू पुण्याले हाय. अन् हे कोणाच्यानंही नाई चालत. याले लायसनवाला मानूस लागते."

लोक हसले. बबनरावही हसले, मग वाकून इंजिनाकडे पाहू लागले. "काम झकास हाय जी. पण हा नंदी कुठं हाय? शिंगं दिसून नाई राह्यले."

"बबनराव," पारावरून रूपराव ओरडले, "काल पोळ्यात तुमी ट्रॅक्टरले हार घालून आणला, त्याले कोणती शिंगं होती?"

आता सगळेच हसले. बबनरावांचा चेहरा लाल झाला. "ते वायलं, रूपराव. ते मोठ्यांचं होतं. इथं लेकराइले बक्षीस देतो आपण. आज इंजिन उभं केलं तं उद्या कोणी मिक्सर आणन!"

त्यांचंही बरोबरच होतं. काकाजींनी मान हलवली. दोरी त्यांच्या मुठीत दोनदा गुंडाळलेली होती, ती तिसऱ्यांदा गुंडाळली. "मले बक्षीस नको, बबनराव. एकडाव तोरणाखालून जाऊ द्या. एवढंच. त्याचं जेवण राह्यलं हाय माह्याकडं."

बबनरावांना जेवणाचं काही कळलं नसावं. गावात ती गोष्ट थोड्याच जणांना माहीत होती. पण त्यांनी काकाजींच्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाले, "रांगेत नाई जमत. रांगेच्या मागं उभे राहा. सगळ्याइच्या शेवटी. चालन?"

"चालन काय," काकाजी म्हणाले, "तेच त्याची जागा हाय."

आणि खरंच, जन्मभर तीन नंबर रांग लावून देऊन मागेच तर थांबलं होतं. ते शेवटच्या नंदीच्या मागे जाऊन उभे राहिले. एका हाताच्या अंतरावर, जसं वाघिणीला लागण्याआधी थांबतात.

पोळ्याच्या गाण्यांच्या झडत्या झाल्या, हर हर महादेव झालं, तोरण तुटलं. लेकरं नंदी घेऊन उधळली. फळ्यांवरची चाकं दगडांवर खडखडत गल्ल्यांतून पांगली आणि क्षणात पारापुढे कोणी उरलं नाही. काकाजींनी खिशातून शिट्टी काढली. दोनदा छोटी वाजवली, हात वर करून खाली आणला, मग दोरी ओढली.

मी मागे चालत होते. आभाळ खाली आलं होतं आणि सगळं गाव ओल्या पाटीसारखं राखी दिसत होतं. त्यात तेवढं एक पिवळं पुढे सरकत होतं. दांडी वर जात होती, खाली येत होती. काकाजी थोडे वाकून चालत होते, बोलत होते. आधी मला वाटलं माझ्याशीच.

"हे शाळा. ध्यानात ठेवजो. इथून डाव्या हाताले. हे रूपरावचं दुकान, इथं तू झालास. आता हा हापसा. इथं जरा उतार हाय, हळू."

आठचा वेगही नव्हता. एक कुत्रं उठलं, वास घेऊन बाजूला झालं. दारादारांत बाया पुढच्या नंद्यांना कुंकू लावून आत वळल्या होत्या. त्या पुन्हा बाहेर आल्या. प्रत्येक वळणावर ते थांबत, शिट्टी देत, आणि कुठे वळायचं ते सांगत. आमच्या गल्लीच्या तोंडाशी ते जरा जास्त वेळ थांबले.

"हे निळ्या दाराचं. हे आपलं."

आनंदाबाई तांब्या आणि ताट घेऊन उभ्याच होत्या. "किती टाइम जी! लेकरं बोजारा घेऊन घरी गेले."

"रस्ता दाखवत आणलं त्याले."

आनंदाबाईंनी चारी चाकांवर पाणी घातलं. पुढच्या पट्टीला कुंकू लावलं, ओवाळलं. मग पुरणपोळीचा घास तोडून हातात घेतला आणि तशाच थांबल्या.

"आता याचं तोंड कोणतं?"

काकाजींना हे सुचलंच नव्हतं. त्यांनी नाकाकडे पाहिलं, मग केबिनकडे. "दोन्हीकडून चाले ते," ते हळूच म्हणाले. "त्याले पुढं-मागं नव्हतं."

एकतीस वर्षं त्यांनी डबा पायरीवर ठेवला होता, भरवलं कधीच नव्हतं. ते असहायपणे आनंदाबाईंकडे पाहू लागले. मला वाटलं, आता एवढं होऊन हे इथेच अडतं की काय.

आनंदाबाई इंजिनाला वळसा घालून उजव्या अंगाला गेल्या. खाली बसल्या. दोन बोटांनी टूथपेस्टचं झाकण फिरवलं. "जिथून खाये तेच तोंड," त्या म्हणाल्या. "म्या रोज पाहो नं." आणि पुरणपोळीचा चिमटीएवढा तुकडा तुपात बुडवून त्यांनी आत सोडला. तुपाचा थेंब त्या काळ्या ओघळावरून खाली आला.

 काकाजींनी इंजिन उचलून ओसरीवर ठेवलं. वर्तमानपत्राच्या पुडीतून बोटाएवढे दोन लाकडी गुटके काढले, केव्हा केले होते कोण जाणे, आणि मागच्या चाकांखाली एकेक सरकवला. मग हात धुतले आणि भिंतीला टेकून पाटावर बसले.

"आता कुठं पळते ते?" आनंदाबाई ताट वाढत म्हणाल्या.

"ओसरीले उतार हाय," काकाजी म्हणाले, आणि पोळी मोडली.